संगणकातले सरळ वाण

(विरार येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'जुन्या लॅपटॉपवर लिनक्स' हा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कापसाचा भाव पडलाय, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, डोक्यावर कर्ज आहे आणि हे काय शहरी खूळ काढलं, असं कुणी बोललं नाही तरी चेहऱ्यावर दिसलं. शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचं उत्तर देतो.

आपल्या चळवळीचा पाया कोणता? उत्पादनखर्चाचा हिशेब. शेतीमालाचा भाव खर्चावर आधारित असावा ही मागणी आपण केली तेव्हा पहिलं काम वही आणि पेन्सिल घेऊन बसायचं होतं. तो हिशेब आता संगणकावर ठेवायचा आहे. सातबारा संगणकावर आहे, पीक पाहणी मोबाईलवर आहे, पीकविमा आणि खरेदीची नोंदणीही तिथेच. सरकारचा हिशेब यंत्रात आणि आपला मात्र पिशवीतल्या चिठ्ठ्याचपाट्यांत, असं असेल तर वाद घालायला आपण कोणत्या तोंडाने जाणार?

इथे बसलेल्यांची परिस्थिती मला माहीत आहे. खोली नालासोपाऱ्यात किंवा विरारला, काम वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आणि सातबारा जालना, बुलढाणा, यवतमाळात. म्हातारा बाप गावी पराटी सांभाळतो आणि त्याची कागदपत्रं पोरगा इथून बघतो. अशा पोराच्या खोलीत फळीवर एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. त्याच लॅपटॉपबद्दल मी बोलणार आहे.

यंत्र म्हातारं झालं की म्हातारं ठरवलं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. म्हणजे चोराने नवीन फट शोधली तर ती बुजवायची जबाबदारी कंपनीवर राहिली नाही. घरगुती वापरणाऱ्यांसाठी जादा मुदतीची योजना काढली, ती एका वर्षाची. आता विंडोज ११ घ्या म्हणावं, तर त्याला किमान ४ जीबी मेमरी लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. साधारण २०१७ च्या आधीचा लॅपटॉप असेल तर त्याचा कळफलक चालतो, पडदा चालतो, तरी तो बाद.

बैल थकला की आपल्याला कळतं, तो नांगराला चालत नाही. इथे बैल चालतोय आणि दूर बसलेला कुणी सांगतो की याला बाजारात न्या. कंपनीने आपला माल किती वर्षं सांभाळायचा हा तिचा अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र मात्र आपलं आहे, आणि ते कधी टाकायचं हे आपण ठरवायचं.

यावर गल्लीतला पोरगा म्हणतो, 'काका, मी क्रॅक मारून देतो.' ही क्रॅकची भानगड तुम्हाला वेगळ्या नावाने माहीत आहे. तिला कापसात आपण चोरबीटी म्हणतो. पाकिटावर नाव नाही, पावती नाही, आत काय आहे याची खात्री नाही, आणि उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. क्रॅकच्या विंडोजमधून काय आत शिरेल याचा नेम नाही, आणि त्याच संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

आपण काही तंत्रज्ञानाच्या विरोधातले नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं चोरून नाही, जाहीर करून लावलं. कोणतं तंत्रज्ञान घ्यायचं हे शेतकरी ठरवेल, हा त्याचा अर्थ होता. संगणकालाही तोच न्याय लावू.

लिनक्स म्हणजे काय

लॅपटॉप म्हणजे नुसती जमीन. त्यावर काम करवून घेणारी एक मूळ व्यवस्था लागते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशी एक व्यवस्था आणि लिनक्सवर उभ्या असलेल्या प्रणाली ही दुसरी.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचं काम जाहीर केलं. प्रत्येकाला वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली लिहायची, हा त्याचा हेतू. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. दोन्ही कामं जुळली आणि जगभरातल्या हजारो माणसांनी त्यात भर घातली.

ही काही हौशी मंडळींची खेळणी नाहीत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून वापरला जाणारा लोहित हा टंक रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वाढवला.

फुकट ते पौष्टिक म्हणायची आपल्याला सवय आहे, पण फुकट देणाऱ्याचा शेतकऱ्याला संशयही येतो आणि तो यायलाच हवा. इथे खर्च कोण करतो? ज्या मोठ्या कंपन्यांचा धंदा लिनक्सवर चालतो त्या पगारी अभियंते ठेवून हे काम करवून घेतात. सामाईक विहिरीचा गाळ काढायला सगळे वाटेकरी पैसे घालतात, कारण पाणी सगळ्यांना लागतं. रेड हॅट ही लिनक्सवरच उभी राहिलेली कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने ३,४०० कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हा ही धर्मशाळा नाही, बाजारच आहे. फक्त या बाजारात कुणी दाराला कुलूप लावू शकत नाही.

परवाना आणि बियाणं

१९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण दिला. जगात व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा तो पहिला संकर. उत्पादन वाढलं, पण सरकी घरात ठेवून पुढच्या वर्षी पेरण्याची सोय गेली, कारण संकराच्या दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि आपल्याकडे बीटी संकरांतूनच पसरला. याउलट मालदांडी ज्वारी. मोहोळच्या केंद्रात गावरान मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा सरळ वाण. चांगली कणसं निवडून ठेवा, पुढच्या रब्बीत पेरा, शेजाऱ्याला द्या. आजही रब्बीच्या शेतकऱ्याने तो सोडलेला नाही.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचा हक्क देतं. कंपनीच्या नावाचा छाप मारून विकता येत नाही, एवढी मर्यादा.

आता ग्नूचा परवाना बघा. त्यात चार स्वातंत्र्यं आहेत. कोणत्याही कामाला वापरा. आत काय आहे ते बघून हवं तसं बदला. जशीच्या तशी प्रत दुसऱ्याला द्या. तुम्ही सुधारलेली प्रतही द्या, पैसे घेऊन द्या नाहीतर बिनपैशाची. अट एकच, की तुम्हाला मिळालेले हक्क पुढच्यालाही द्यायचे. २०१२ मध्ये अमेरिकेत काही पैदासकारांनी आणि शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी अशीच मुक्त व्यवस्था सुरू केली, आणि तिची कल्पना त्यांनी संगणकवाल्यांकडून घेतली. म्हणजे राखलेल्या बियाण्याची आपली जुनी रीत संगणकात शिरली आणि तिथून पुन्हा शेतात आली.

संकर वाईट आणि सरळ वाण चांगला, असं मी शिकलो नाही आणि शिकवतही नाही. ओलिताला एक, कोरडवाहूला दुसरा. हातात पैसा कमी आणि पावसाचा भरवसा नाही तिथे राखता येणाऱ्या बियाण्याची किंमत कळते. जुना लॅपटॉप म्हणजे संगणकातली कोरडवाहू जमीन समजा.

प्रात्यक्षिक

प्लॉट टाकून बघितल्याशिवाय शिफारस करू नये, हा शेतकीतला पहिला धडा. म्हणून एका कार्यकर्त्याचा बारा-तेरा वर्षं जुना लॅपटॉप घेतला. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी मेमरी, ३२० जीबीची हार्ड डिस्क, बॅटरी मेलेली. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. लिनक्सचे असे अनेक वाण आहेत, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ असली तर बरी. २०२४ च्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

रीत अशी. मिंटच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्या, ती ३ जीबीच्या आसपास असते. तिच्यासोबत एक लांबलचक तपासणी क्रमांक दिलेला असतो, तो जुळतो का बघा. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग आपण बघतो, तसंच हे. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर या साधनाने ती फाइल चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि सुरू होतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबा. कोणतं बटन ते कंपनीप्रमाणे बदलतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

आता महत्त्वाची गोष्ट. इथे लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, डिस्कवरच्या विंडोजला आणि फाइलींना तुम्ही हात लावेपर्यंत काही होत नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण उगवण तपासतो. ही तीच चाचणी. पेनड्राइव्हवरून कारभार थोडा सावकाश चालतो, त्यावरून वेग ठरवू नका. वायफाय लागतो का, आवाज येतो का, सगळी बटनं उमटतात का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर कागद काढतो का, हे कागदावर लिहून एकेक बघा. जुन्या यंत्रांत वायफाय अडून बसतो. तसं झालं तर मोबाईल केबलने जोडून त्याचं इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर उतरवून घ्या.

चाचणी पास झाली तरच कायमचं बसवा. त्याआधी फोटो, सातबारे, पावत्या दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, कारण सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की ती खरोखर पुसली जाते. बॅटरी मेलेली असेल तर वीज जाणार नाही अशी वेळ बघूनच काम सुरू करा. आमचं काम अर्ध्या तासाच्या आसपास झालं. नंतर जुनी डिस्क काढून एसएसडी घातली तेव्हा यंत्राने खरी उभारी धरली. पैसा खर्च करायचा तर नव्या लॅपटॉपआधी एसएसडीवर करा.

मराठीची सोय चांगली आहे. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९९१ पासून भारतीय मानकात आहे, तो सेटिंगमध्ये निवडला की झालं. रोमन अक्षरांवरून टंकायची सवय असेल तर तीही सोय आहे. पत्र लिहायला आणि हिशेबाला लिबर ऑफिस बसवलेलंच येतं.

उणिवाही ऐका

बियाण्याचा एजंट फक्त गुण सांगतो. मी एजंट नाही.

टॅली विंडोजसाठीच केलेलं आहे. डिजिटल सहीची काही टोकनं आणि काही सरकारी संकेतस्थळं विंडोजच मागतात, ती कामं सेवा केंद्रातच करावी लागतील. काही प्रिंटर लिनक्सवर चटकन चालतात, काही शेवटपर्यंत रुसून बसतात. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली जुनी निवेदनं उघडली तर अक्षरांचा चिवडा दिसतो. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात, आणि हे काम विंडोजवर राहिलात तरी करायचंच आहे. फारच जुना, ३२ बिटचा लॅपटॉप असेल तर वाट अरुंद आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने तशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. आणि दर वेळी दुरुस्तीला माणूस सापडेलच असं नाही, म्हणून एकट्याने करू नका, गटाने करा.

हे सगळं कशासाठी

आता मुद्द्याचा हिशेब. खरीप २०२५-२६ साठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९. सरकारच्या मते कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये. हा देशभरची सरासरी काढलेला खर्च आहे. त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी धरली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही.

लिबर ऑफिसच्या तक्त्यात एक साधा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा नांगरटीपासून शेवटच्या फवारणीपर्यंत एकरी ३०,००० रुपये लागले आणि वेचणी किलोला १० रुपये, म्हणजे क्विंटलला १,०००. एकरी ६ क्विंटल कापूस झाला तर क्विंटलचा खर्च ५,००० अधिक १,००० म्हणजे ६,०००. पावसाने दगा दिला आणि ४ क्विंटलच झाला तर ७,५०० अधिक १,०००, म्हणजे ८,५००. हमीभाव पुरता मिळाला तरी क्विंटलमागे ७९० रुपये घरातून गेले. तक्त्यात सहाच्या जागी चार लिहिलं की सगळे आकडे आपोआप बदलतात. ज्वारीच्या तक्त्यात कडब्याची किंमत वेगळी धरली की पीक दाण्यावर तगलं की कडब्यावर, हेही कळतं.

एका शेतकऱ्याचा असा तक्ता म्हणजे गाऱ्हाणं. एका तालुक्यातल्या पन्नास शेतकऱ्यांचे तीन वर्षांचे तक्ते, पावत्यांसह, म्हणजे पुरावा. मूल्य आयोगापुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे पुरावा लागतो. आणि हा पुरावा असा ठेवायचा की दहा वर्षांनीही उघडला पाहिजे. लिबर ऑफिसच्या फाइलींची रचना जाहीर आहे, उद्या दुसरं साधन आलं तरी ती वाचू शकेल. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. विकायला एकच दार असलं की काय होतं ते जुन्या माणसांना विचारा. स्वतःच्या हिशेबाला तरी एकाच दारात नेऊन बांधू नका.

आपण आज ज्या वसईत बसलो आहोत तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसई संरक्षण समितीतून लढा दिला. पीक वेगळं, पाणी वेगळं, पण आपल्या जमिनीचं काय करायचं ते आम्हाला विचारा, ही मागणी तुमच्या-आमच्यासारखीच होती.

तेव्हा कार्यक्रम ठरवू. प्रत्येक तालुक्याने पडून असलेला एक लॅपटॉप शोधावा, ६४ बिटचा आणि निदान ४ जीबी मेमरीचा. इथे विरारला राहणाऱ्या पोरांनी गटाने बसून त्यावर चाचणी घ्यावी आणि काय चाललं, काय अडलं याचं टिपण ठेवावं. दिवाळीला गावी जाताना तयार लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह सोबत न्यावा. पेनड्राइव्हची प्रत मागेल त्याला द्यावी, तो गुन्हा नाही, परवानाच तसा आहे. गावातल्या लिहित्या बायकांना तक्ता भरायला आधी शिकवावं. मजुरीचा, निंदणीचा आणि वेचणीचा खरा आकडा त्यांच्याकडेच असतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला भाषणं कमी ठेवू. प्रत्येक तालुक्याने आपला तक्ता आणावा, आपण तो सगळ्यांसमोर वाचू. आत्ता कुणाजवळ लॅपटॉप असेल तर पुढे घेऊन या, पेनड्राइव्ह माझ्याजवळ आहे.